हवेच्या दप्तराची रुजुवात

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे लागोपाठ येतात. निर्वासित सिंधी बांधवांच्या कल्याण कॅम्पाला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले; पुढे अंबरनाथ-बदलापुरात रासायनिक कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि वस्ती त्यांच्या कुंपणाला जाऊन भिडली. २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत उल्हासनगर होते, बदलापूर होते. मधले अंबरनाथ मात्र नव्हते. वाऱ्याला ही हद्द कोणी समजावून दिली, हे सरकारी दप्तरात नमूद नाही.

हवेची नोंद ठेवण्याची येथील जुनी पद्धत गाळणकागदाची. उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयासारख्या ठिकाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे यंत्र बसते. आधी तोललेल्या कागदातून ते तासन्‌तास हवा ओढते, धुळीने काळवंडलेला कागद प्रयोगशाळेत पुन्हा तोलला जातो आणि वजनातील फरकास ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागून आकडा निघतो. पद्धत सचोटीची, पण आठवड्यातून दोनच दिवसांची, म्हणजे वर्षाकाठी १०४ नोंदींची. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या एका रासायनिक कारखान्यातून वायुगळती झाली, आसपासच्या रहिवाशांना श्वास घेणे जड झाले आणि त्याच रात्री गळती आटोक्यातही आली. अशा घटकाभराच्या अरिष्टाचा माग चोवीस तासांच्या सरासरीत कोठून लागावा? बदलापूरच्या कात्रप भागात आता मंडळाचे अहोरात्र चालणारे केंद्र आहे खरे. परंतु अशा यंत्रणेला लाखो रुपये पडतात, म्हणून ती गल्लोगल्ली बसत नाही.

ही उणीव भरून काढण्यास जो स्वस्त सेन्सर पुढे आला आहे, त्याचा मूळ भाग तळहातावर मावतो आणि काही हजार रुपयांत मिळतो. त्यातील चिमुकला पंखा हवा आत ओढतो, लेझरच्या झोतातून जाणारे धूलिकण प्रकाश विखुरतात आणि त्या लुकलुकीवरून कणांची संख्या व आकार यांचा अदमास बांधला जातो. येथे तोलण्याचे काम नाही. सारा व्यवहार अनुमानाचा. त्यामुळे पावसाळ्यात, बाष्प शोषून कण फुगले की हा सेन्सर पाण्यालाही धूळ समजतो. शिवाय धूळ मोजणाऱ्यास वायू दिसत नाही. त्यासाठी विद्युत्-रासायनिक घट निराळा लागतो, आणि तोही कालांतराने क्षीण होतो व एका वायूच्या जागी दुसऱ्याची साक्ष देऊ लागतो.

म्हणून या स्वस्त सेन्सरची पत त्याच्या स्वतःच्या अंगी नसून, महाग यंत्राशेजारी बसवून त्याच्या आकड्यांची वेळोवेळी जी रुजुवात घालावी लागते, तीत आहे. नोव्हेंबर २०२० पासून मंडळाने आयआयटी कानपूर व ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज यांच्या सहकार्याने मुंबई परिसरात हेच केले: चार भारतीय नवउद्योगांचे ४० सेन्सर मंडळाच्या १५ केंद्रांवर, प्रमाणित यंत्रांच्या शेजारी, कित्येक महिने ठेवण्यात आले.

ही शिस्त पाळली, तर बदलापूरची खरवई, अंबरनाथची मोरिवली आणि वालधुनी नदीचा काठ येथे टांगलेल्या सेन्सरच्या दहा-बारा पेट्या एका महाग केंद्राला न कळणारी गोष्ट सांगू शकतील. बदलापुरात हौशी अभ्यासकांनी घरच्या गच्चीवर हवामानयंत्रे बसविली आहेत आणि त्यांच्या नोंदी वर्तमानपत्रांतही येतात; वाऱ्याच्या दिशेची अशी नोंद पेट्यांच्या आकड्यांशी ताडली, म्हणजे उग्र दर्प किती वाजता आणि कोणत्या अंगाने आला याचा छडा लागतो. नुसत्या या आकड्यांवर कोणाला दंड ठोठावता येणार नाही, आणि येऊही नये; पण तपासणीस कोणत्या रात्री आणि कोणत्या फाटकाशी पाठवावा, हे ठरविण्यास तो पुरावा पुरेसा आहे, आणि आजवर नेमके तेच अडले होते.