आवर्ती स्वरवाक्यांचा मेळ : लय आणि सम

सिंथेसायझरवर एखादे छोटे स्वरवाक्य एकदा वाजवून वाद्याच्या स्मृतीत साठवावे, ते अखंड फिरत ठेवावे आणि त्यावर दुसरे, तिसरे वाक्य चढवावे, ही पद्धती आता सर्वपरिचित आहे. वादक अशा फिरत्या वाक्याला ‘लूप’ म्हणतात. येथे त्यास ‘आवर्ती वाक्य’ म्हटले आहे. (‘वाक्य’ ही संज्ञा संगीताने व्याकरणाकडून उसनी घेतली, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगावयास नकोच.) कल्पना आपल्याकडे नवीन नाही. स्वतंत्र तबलावादनात हार्मोनियमवर वा सारंगीवर फिरत राहणारा लेहरा हे आवर्ती वाक्यच होय. फरक इतकाच की, लेहरा धरणारा वादक क्षणोक्षणी कानाने दुरुस्ती करीत असतो. यंत्राला असा कान नसतो. मेळ म्हणजे नेमके काय, हे त्याला आधी सांगून ठेवावे लागते. आणि ते सांगू गेले असता असे आढळते की, मेळ ही एक गोष्ट नसून निदान दोन आहेत : लयीचा मेळ आणि समेचा मेळ.

लयीचा मेळ त्यातल्या त्यात सोपा. दोन वाद्ये स्वतंत्रपणे चालत असून एकाची गती मिनिटास 120 मात्रा व दुसऱ्याची 120.1 मात्रा असेल, तर आरंभी काहीच जाणवत नाही. पाच मिनिटांनंतर मात्र दुसरे वाद्य बरोबर अर्ध्या मात्रेने पुढे गेलेले असते, आणि एकाच्या मात्रेवर दुसऱ्याची आड मात्रा पडते. स्टीव्ह राइश ह्या अमेरिकन रचनाकाराने 1965 साली ध्वनिफितीची दोन समान आवर्तने एकत्र वाजवली असता ती अशीच हळूहळू विलग होत गेली. त्याने त्या विलगतेचीच रचना केली. पण हा अपवाद झाला. एरवी दोन्ही वाद्यांना एकाच घड्याळावर चालवणे भाग असते. प्रारंभीच्या वाद्यांत घड्याळांचीही एकवाक्यता नव्हती : रोलँडची वाद्ये एका मात्रेस 24 स्पंद मानीत, तर कोर्गची 48. साहजिकच 24 स्पंदांवर 48 मोजणारे वाद्य निम्म्या गतीने चाले. 1983 साली प्रसृत झालेल्या ‘मिडी’ संकेतप्रणालीने 24 हे मान रूढ केले. म्हणजे 120 च्या लयीत सुमारे 21 सहस्रांश सेकंदांना एक स्पंद येतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. साठवलेले वाक्य केवळ कळांच्या नोंदीचे असेल, तर स्पंदांबरोबर ते बिनतक्रार मंद वा द्रुत होते. साठवलेला प्रत्यक्ष ध्वनी असेल आणि तो नुसता वेगाने फिरवला, तर 100 ची लय 106 करताच पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. पट्टी न बदलता काळ ताणण्याची किंवा आखडण्याची प्रक्रिया तेथे वेगळी योजावी लागते.

आता समेकडे वळू. घड्याळाचा स्पंद ‘एक पाऊल पुढे’ एवढेच सांगतो; ‘आपण कोठे आहोत’ हे सांगत नाही. सर्व स्पंद सारखेच. म्हणून मिडीत ‘आरंभ’, ‘थांबा’, ‘पुढे चालू’ असे स्वतंत्र संकेत आहेत, आणि आरंभापासून किती पाव मात्रा झाल्या हे कळवणारा स्थानदर्शक संकेतही आहे. हे नसतील, तर दोन वाक्ये एकाच लयीत चालूनही कायमची चुकीच्या जागी राहू शकतात. नवशिका वादक अशा वेळी लय बदलून पाहतो. दोष तेथे नसतोच.

दुसरे वाक्य वादक कळ दाबून सुरू करतो तेव्हा यंत्रापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात. ते तत्काळ सुरू करावे. पुढच्या समेपर्यंत थांबावे. किंवा वाक्य जणू आधीपासूनच फिरत होते असे धरून मधूनच मिसळावे. पहिल्यात बोटाची चूक वाक्याला कायमची चिकटते. दुसरा सर्वांत निर्धोक खरा. पण मिनिटास 60 मात्रांच्या तीनतालात सम हुकून कळ दाबली गेली, तर जवळजवळ 16 सेकंद तिष्ठावे लागते. रंगमंचावर हा काळ थोडा नव्हे.

खरी अडचण याहून सूक्ष्म आहे : वाक्याचा आरंभ आणि आवर्तनाचा आरंभ एकच असतो, असे यंत्र गृहीत धरते. आपल्या बंदिशींत तसे क्वचितच असते. तीनतालातील मध्यलय बंदिशीचा मुखडा पुष्कळदा नवव्या मात्रेवरून उठतो व समेवर येतो. असे वाक्य मुखड्यापासून नोंदवले आणि समेवर सोडले, तर मुखड्याचा पहिला स्वर ठेक्याच्या समेवर आणि वाक्याची सम ठेक्याच्या खालीवर पडते. लय तंतोतंत जुळलेली, आवर्तन सोळाचेच, आणि तरीही गाणे उलटे! उपाय असा की, नोंद समेपासून करावी व मुखडा आवर्तनाच्या उत्तरार्धात येऊ द्यावा. पहिल्या फेरीपूर्वी मग मुखडा उरत नाही. जाणता वादक तेवढा हाताने वाजवतो आणि समेच्या किंचित आधी कळ दाबतो.