सेंच्युरियनचा हल : किटमधून खरा रणगाडा

आज आपण हलवर काम करणार आहोत. हल म्हणजे टरेटखालचं रणगाड्याचं धड. उदाहरणाला सेंच्युरियन घेऊ.

सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिलौरा-चविंडा भागात १७ पूना हॉर्स हेच रणगाडे घेऊन लढली. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. इथे दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यांचा अर्धपुतळा आहे. ज्या रणगाड्यात माणसं लढली, त्याचं मॉडेल करताना मी एकच नियम पाळतो : हलवर जे बसवायचं, त्याला कारण हवं.

आधी हिशोब. आपलं प्रमाण १:३५. खरी रुंदी ३.३९ मीटर, म्हणजे मॉडेलवर जवळजवळ ९७ मिलिमीटर. पुढचं चिलखत ७६ मिलिमीटर, म्हणजे इथे २.२. आता बाजूचे स्कर्ट पाहा. खरा पत्रा साधारण ६ मिलिमीटरचा. किटमधलं प्लास्टिक १ मिलिमीटर धरलं, तर तो खऱ्यात ३५ मिलिमीटर जाड ठरतो! म्हणून निदान कडा तरी आतून तासून पातळ करा. नाहीतर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून नवे स्कर्ट बनवा. पत्र्याला हलकी ठोकर बसल्यासारखा बाकही देता येतो.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. सेंच्युरियनचं टरेट ओतीव, पण हल लाटलेल्या पोलादी प्लेटा वेल्ड करून केलेला. टरेटला खरखरीतपणा शोभतो, हलला नाही. पुष्कळजण पुट्टीचे ठिपके सगळीकडे मारतात, तिथेच मॉडेल खोटं दिसतं. हलवर दाखवायचे ते फक्त वेल्डचे सांधे. एम-सीलची केसासारखी बारीक वळी करा, सांध्यावर बसवा आणि ओली असतानाच ब्लेडच्या बोथट बाजूने जवळजवळ दाबत जा.

तिसरं, हँडल. किटमध्ये ती हलबरोबरच ओतलेली असतील, तर खरवडून काढा, बारीक ड्रिलने भोकं पाडा आणि विजेच्या वायरमधली तांब्याची तार वाकवून बसवा. १२ मिलिमीटरच्या सळीला ०.३५ ची तार पुरते. त्याच तारांना पीळ दिला की टो-केबल तयार.

जुन्या मोटरवाल्या किटमध्ये हलच्या तळाला स्विचची भोकं असतात. ती आतून प्लास्टिक शीट लावून बुजवा. आणि दिल्लीच्या थंडीत खिडक्या बंद करून लिक्विड सिमेंट वापरू नका. त्याची वाफ डोक्यात चढते.

संदर्भासाठी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय जरूर पाहा. आकार, कोन, सांधे तिथे कळतात. पण संग्रहालयातल्या रणगाड्याला नवा रंग असतो आणि सुटं सामान उतरवलेलं असतं. पेट्या, ताडपत्री, जेरीकॅन कुठे बांधले होते, हे लढाईच्या काळातला फोटोच सांगतो.

फोटोत एक बाजू दिसत नसेल, तर ती साधी ठेवा. रिकामी जागा चालते, बनावट सामान चालत नाही. उद्या एखादा नातू तुमच्या मॉडेलकडे बोट दाखवून विचारेल, "आजोबांचा रणगाडा असाच होता?" तेव्हा बेधडक हो म्हणता आलं पाहिजे.

पुढच्या भागात टरेट. जयहिंद.