जॉयस्टिक सैल झाली तर...

जुनी जॉयस्टिक : अटारी २६०० (१९७७). आत चार दिशांचे साधे स्विच. दुरुस्ती सोपी, संपर्कबिंदू पुसले की बहुधा भागते.

निन्टेंडो ६४ (१९९६) : दातेरी चाकांतून जाणाऱ्या प्रकाशावरून दिशा ओळखली जाते. प्रकाशाला झीज नाही, प्लॅस्टिकला आहे. दांडी खालच्या वाटीवर घासत राहते, आत पांढरी भुकटी साचते आणि दांडी लुळी पडते. पुसून उपयोग नाही. वाटी आणि दांडी बदलावी लागते.

ड्युअलशॉक (१९९७) आणि नंतरचे बहुतेक कंट्रोलर : प्रत्येक दांडीला दोन पोटेन्शिओमीटर, एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. कार्बनची पट्टी झिजली किंवा धूळ बसली की हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू चालू लागतो. यालाच ‘ड्रिफ्ट’ म्हणतात.

हॉल सेन्सर : चुंबकावर चालतो, सेन्सरमध्ये घासणारा भाग नाही. नवा वाटतो, पण सेगा ड्रीमकास्टमध्ये (१९९८) तो होताच.

देखभाल :
• सफाईला ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल; पूर्ण वाळल्यावरच सेल किंवा वायर जोडावी.
• शिवणयंत्राचे तेल नको, धूळ चिकटते.
• पट्टीच झिजली असेल तर सफाईचा गुण तात्पुरता. मग जॉयस्टिकचे पूर्ण मॉड्यूल बदलायचे, म्हणजे डाग काढून नव्याने डाग देणे आले.

सुटे भाग : राहू, यवत, केडगाव या गावांतल्या लोकांना जवळची मोठी इलेक्ट्रॉनिक्स बाजारपेठ पुण्याच्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत. मुंबईत लॅमिंग्टन रोड. जाताना जुने मॉड्यूल सोबत न्यावे. दिसायला सारखी असली तरी सगळी एकमेकांच्या जागी बसत नाहीत.