मुलगा सैन्यांत जातों म्हणाला तर

काळ नदीच्या कांठीं वसलेल्या बिरवाडीस आमच्या घराण्याच्या चार पिढ्या गेल्या. या चार पिढ्यांत घरांत भिक्षुक झाले, मास्तर झाले, वकील झाले, आणि महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यावर रसायनशास्त्राचे पदवीधरहि झाले. परंतु सैन्यांत मात्र कोणी गेला नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत एके रात्रीं पंगतीस माझ्या धाकट्या बंधूंचा नातू, वय वर्षें सोळा, ताकभात कालवतां कालवतां म्हणाला, "आजोबा, मला खडकवासल्यास जावयाचें आहे." पंगत क्षणभर थबकली. "अगोबाई, हें काय खूळ!" आजी म्हणाली. "आधीं बारावी हो," वडिलांनीं विषय मिटविला. आईनें हातांतील वाढपाचें भांडें खालीं ठेवलें व ती कांहींच बोलली नाहीं. बंधु मात्र माझ्याकडे पाहत होते. आणि त्यांच्या त्या पाहण्याचा अर्थ त्या पंगतींत मला एकट्यासच ठाऊक होता.

१९७२ सालची गोष्ट. आदल्या वर्षीं झालेल्या युद्धाची हकीकत रेडिओवर ऐकून बंधूंनीं प्रबोधिनीच्या परीक्षेचा अर्ज मागविला होता. वडीलधाऱ्यांस तें पसंत नव्हतें. त्यांच्या सांगण्यावरून तो अर्ज मीं फडताळांत ठेवला आणि मुदत टळल्यावर "सांपडला" म्हणून बाहेर काढला. बंधूंनीं तक्रार केली नाहीं. तीस वर्षें नेकीनें नोकरी केली, संसार केला. मात्र २६ जानेवारीचें संचलन पाहण्याचें त्यांनीं एकदांहि चुकविलेलें नाहीं. आज हा विषय वाचकांपुढें मांडण्याचा अधिकार मला आहे तो या अपराधामुळेंच.

आपल्यासारख्या घरांतून सैन्याविषयीं आदर पुष्कळ असतो. पण तो परक्याच्या मुलाविषयींचा असतो. याच महाड तालुक्यांत फौजी आंबवडे नांवाचें गांव आहे. पिढ्यान् पिढ्या तेथील तरुण सैन्यांत गेले म्हणून गांवाच्या नांवासच 'फौजी' हें विशेषण जडलें. शेजारच्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे हे पांचव्या मराठा पलटणींत होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडींतील जवळ जवळ सर्व सोबती पडले असतां ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धांवून गेले. गोळ्या भरण्यास अवसर उरला नाहीं तेव्हां बंदूक नळीकडून धरून लढले, आणि तेथेंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघें बावीस. पळसगांवच्या त्या घरीं बातमी पोंचली असेल त्या दिवसाचा विचार आपण कधीं केला आहे काय?

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट महाडजवळच्याच रावढळची आहे. तेथील गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ. इंग्रज सरकारनें महार समाजाची भरती बंद केली, तेव्हां ती पुन्हां खुली व्हावी म्हणून त्यांनीं १८९४ सालीं अर्ज तयार केला. महार पलटण पुढें १९४१ सालीं बेळगांव येथें उभी राहिली. ज्या दारासाठीं एका समाजाला अर्धें शतक झगडावें लागलें, त्या दाराकडे आमच्या घरांनीं सुरक्षिततेच्या नांवाखालीं पाठ फिरविली, हें मान्य केलेंच पाहिजे. अपवाद अर्थातच आहेत. १९७३ ते १९७५ या काळांत जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर लष्करप्रमुख होते. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचे विद्यार्थी जनरल मनोज नरवणे २०१९ च्या अखेरीस त्याच पदावर बसले. परंतु अपवादांवर घराण्याची परंपरा बनत नाहीं.

तथापि, मुलगा म्हणाला म्हणून त्याला लगेच धाडावें असेंहि माझें म्हणणें नाहीं. पालकांचें पहिलें काम ही इच्छा कोठून उगवली तें पाहण्याचें आहे. ती गणवेषाच्या मोहांतून अगर चित्रपटांतून आली असेल तर पहांटेच्या धांवण्यानें महिन्याभरांत ओसरते. टिकली, तर मुलाची निवृत्त सैनिकाशीं गांठ घालून द्यावी. आपल्या भागांत तसे गृहस्थ शोधावे लागत नाहींत. बदल्या, घरापासूनची दूरता, हिमालयांतील थंडी, आणि मरणाचा संभव, हें सर्व त्यानें त्यांच्या तोंडून ऐकावें. आणि शक्य तर आईनेंहि शेजारीं बसून ऐकावें.

दुसरें काम मार्ग समजून घेण्याचें. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्यास १९५५ पासून आहे. बारावींत असलेल्या वा बारावी झालेल्या, साडेसोळा ते साडेएकोणीस वयाच्या अविवाहित उमेदवारांसाठीं केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां परीक्षा घेतो. लेखी परीक्षेस ९०० गुण: गणितास ३००, सामान्य क्षमतेस ६००. त्यानंतर निवड मंडळापुढें पांच दिवसांची कसोटी, तिलाहि ९०० गुण. नौदल व वायुदल हवें असल्यास गणित व पदार्थविज्ञान सोडून चालत नाहीं. म्हणून अकरावीचे विषय निवडतांनाच हें ध्यानीं ठेवावें. निवड झाल्यास खडकवासल्यास तीन वर्षें व पुढें आपापल्या दलाच्या संस्थेंत शिक्षण होऊन उमेदवार अधिकारी होतो. लहानपणींच कल दिसला तर १९६१ सालीं निघालेली साताऱ्याची सैनिक शाळा आहे, डॉ. मुंजे यांनीं नाशकास काढलेली भोंसला सैनिकी शाळा आहे. दहावीनंतर महाराष्ट्र शासनानें १९७७ सालीं छत्रपती संभाजीनगर येथें स्थापिलेली पूर्वतयारी संस्था आहे. पदवीनंतरहि दार उघडें असतें.

२०२२ सालीं सुरू झालेला अग्निवीर मार्ग मात्र निराळा. ती भरती चार वर्षांची. त्यांतून फार तर चौथा हिस्सा पुढें कायम होतो, ही अट योजना जाहीर झाली तेव्हांच घातलेली आहे. म्हणून त्या वाटेनें जाणाऱ्या मुलाच्या पांचव्या वर्षाचा विचार घरानें पहिल्याच दिवशीं करावा.

हें सर्व मुलांपुरतेंच आहे असें कोणी समजूं नये. २०२२ सालीं खडकवासल्यास मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्यें १७ मुली तेथून उत्तीर्ण झाल्या. घरांतील नात असें म्हणाली, तर तिलाहि हेंच उत्तर मिळालें पाहिजे.

तिसरें काम सर्वांत अवघड आहे, आणि तें आईवडिलांनीं स्वतःशीं करावयाचें आहे. निवड मंडळानें नाकारलेला मुलगा नालायक ठरत नाहीं, हें त्याला आधींच सांगून ठेवावें, आणि दुसऱ्या अभ्यासक्रमाची तयारी सोडूं देऊं नये. भीति वाटते हेंहि त्याच्यापासून लपवूं नये. "मला भय वाटतें, तरी तूं जा," असें म्हणणारी आई मुलाला जें बळ देते तें खोट्या धीरानें मिळत नाहीं. लपविलेली भीति पुढें अडथळ्याच्या रूपानें बाहेर येते. फडताळांत अर्ज ठेवणारा माझा हात रागानें नव्हे, भीतीनेंच चालला होता.

त्या रात्रीं पंगत उठल्यावर बंधु ओसरीवर येऊन बसले. बऱ्याच वेळानें म्हणाले, "दादा, आतां अर्ज संगणकावर भरतात. फडताळांत ठेवण्याची सोय राहिली नाहीं." आम्ही दोघेहि हंसलों, माझे डोळे मात्र भरून आले. दुसऱ्या दिवशीं मुलाच्या आईनेंच निवृत्त सुभेदारांकडे जाण्याची गोष्ट काढली. तेथून परततांना ती एवढेंच म्हणाली, "भीति गेली नाहीं, पण कशाची वाटते तें कळलें."

हल्लीं पहांटे नदीकडच्या रस्त्यानें नातू धांवतो आणि सत्तरीचे आजोबा हातांत घड्याळ घेऊन वळणावर उभे असतात. परीक्षेचा निकाल काय लागेल तो लागो. निदान या घरांत या खेपेस त्याच्या वाटेंत कोणी उभें नाहीं. जे उभे आहेत ते वेळ मोजण्यासाठीं.