हिमगाडीचा क्लच आणि चढणीचे गणित

आमच्या इंदुरात बर्फ पडत नाही. तेव्हा बर्फावरून धावणाऱ्या गाडीच्या क्लचविषयी आम्ही लिहावे, हे वाचकांस प्रथम विचित्र वाटेल. परंतु या लेखाचे बीज आम्हांस आमच्या गल्लीतच सापडले. दिवाळीच्या सुटीत शेजारच्या मिस्त्रींनी एक जुनी, बिनगिअरची स्कूटर दुरुस्तीसाठी उघडली होती. ‘मानपूरच्या घाटात गाडी दम सोडते,’ अशी मालकाची तक्रार होती. मिस्त्रींनी पुढील पुलीतून सुपारीएवढे सहा गोल रोलर काढून आमच्या हातावर ठेवले. ते झिजून एका बाजूने चपटे झाले होते. एवढ्याशा वस्तूंवर घाट चढणे अवलंबून असते, हे ऐकून आम्ही थक्क झालो व अधिक शोध घेऊ लागलो.

इंदुराजवळच्या पीथमपूर येथे १९८४ च्या सुमारास किनेटिक होंडा ही स्कूटर तयार होऊ लागली आणि गिअर न बदलता चालणारी ही रचना आपल्याकडे घरोघरी पोहोचली. हीच रचना, मात्र कितीतरी दणकट स्वरूपात, अमेरिका व कॅनडा येथील पर्वतांतल्या स्नोमोबाईलमध्ये म्हणजे हिमगाडीत असते. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रबरी दातांचा लांब ट्रॅक, असे या गाडीचे रूप असते.

हिमगाडीचा जन्म एका दुःखातून झाला. कॅनडातील क्विबेक प्रांतात व्हॅलकूर गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिये हे कारागीर राहत. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले. त्यास इस्पितळात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावरून चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बोंबार्डिये आधीपासून करीतच होते. १९३७ साली त्यांनी आपल्या रचनेचे पेटंट मिळविले व सात माणसांची गाडी विक्रीस आणली. १९५९ साली त्यांची लहान गाडी ‘स्की-डू’ आली. आजच्या पर्वतीय हिमगाड्या याच कुळातल्या होत.

आता यंत्राकडे वळू. एंजिनाच्या दांड्यावर एक पुली असते व ट्रॅककडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर दुसरी. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या थाळ्या. दोहोंमधून एक रबरी बेल्ट फिरतो. पुढच्या पुलीच्या थाळ्या स्प्रिंगमुळे दूर राहतात. एंजिन वेगाने फिरू लागले की पुलीतील वजने केंद्रापासून बाहेर फेकली जातात, थाळ्यांना जवळ ढकलतात, आणि बेल्ट वर चढतो. बेल्टाची लांबी ठरलेली असल्यामुळे तो मागच्या पुलीत तितकाच खाली उतरतो. जणू गाडीने पहिल्या गिअरपासून शेवटच्या गिअरपर्यंतचा प्रवास न थांबता केला!

येथे मुख्य गोष्ट ध्यानात धरावी. हिमगाडीचे दोन-स्ट्रोक एंजिन मिनिटास सुमारे आठ हजार फेऱ्यांच्या आसपास आपली सर्वाधिक शक्ती देते. फेरे कमी झाले तरी शक्ती घटते, फार वाढले तरीही घटते. गाडी हळू चालो वा वेगात, एंजिनास त्या ठरावीक फेऱ्यांवर धरून ठेवणे, हेच क्लचचे खरे काम होय.

उंचीवर हे काम बिघडते. सुमारे ३,००० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने विरळ असते. म्हणून साध्या एंजिनाची शक्तीही जवळजवळ तेवढीच घटते. वजने मात्र तीच राहतात. ती थाळ्यांना पूर्वीच्याच जोराने मिटू पाहतात, दमलेल्या एंजिनावर उंच गिअरचा भार पडतो, आणि फेरे आठ हजारांवरून घसरतात. उपाय एकच: वजने हलकी करावी. फिरत्या वजनाचा रेटा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून हलके वजन तोच रेटा देण्यासाठी अधिक फेरे घेते, आणि एंजिन पुन्हा आपल्या जागी येते. परंतु वजने वाजवीपेक्षा हलकी केल्यास एंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे सरत नाही. काही ग्रॅमांचा हा हिशेब आहे!

मागची पुलीही तितकीच महत्त्वाची. तिच्या एका थाळीस मळसूत्री उतार असतो. खोल भुसभुशीत बर्फात ट्रॅक अडखळला की त्या जोराने थाळी उतारावर किंचित वळते, पुली आवळली जाते, बेल्ट वर येतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये उतरते. चढणीसाठी हे उतरणे तत्काळ झाले पाहिजे. त्यासाठी उताराचा कोन कमी ठेवतात किंवा स्प्रिंग अधिक कडक घालतात. आवळणे फार झाल्यास मात्र बेल्ट तापतो व लवकर झिजतो. पुढच्या पुलीची स्प्रिंगही बेताची हवी. बेल्टाची पकड फार उशिरा व एकदम बसली तर ट्रॅक झटक्याने फिरून गाडीखाली खड्डा खणतो.

जाणकार चालक ज्या उंचीवर गाडी चालवायची तेथेच चाचणी घेतात. एका वेळी एकच गोष्ट बदलतात, पूर्ण जोर देऊन फेरे पाहतात व टिपून ठेवतात. एंजिन बंद करून पुल्या किती तापल्या आहेत हे तपासतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हे कळणार कसे?

हा सारा खटाटोप निव्वळ हौसेचा नव्हे. उभ्या चढणीवर फेरे पडले की ट्रॅक थांबतो, गाडी रुतते, आणि चालक हिमप्रपाताच्या वाटेवर अडकून पडतो. म्हणूनच तेथे एका वेळी एकानेच चढ चढावा असा दंडक आहे, आणि प्रत्येकाजवळ फावडे, शोधकाठी व संदेश देणारे यंत्र असावे लागते. उत्तम जुळवलेला क्लचदेखील धोक्याच्या उतारास सुरक्षित करू शकत नाही, हेही विसरू नये.

सुटी संपता संपता त्या स्कूटरीत नवे रोलर बसले. मालक मानपूरचा घाट चढून आले आणि मिस्त्रींना म्हणाले, “एंजिन नवे घातलेत की काय?” मिस्त्री हसले व त्यांनी जुने चपटे रोलर आम्हांस देऊन टाकले. शाळेच्या प्रयोगशाळेत ते आम्ही ठेवले आहेत. वाचकांनी अवश्य पाहावेत.