कुंडीतली लोकल गँग

एक छोटंसं क्विझ. झेंडू, सदाफुली, पांढरा चाफा, बोगनवेल, गुलबक्षी. यातलं मूळचं भारतीय कोण?

उत्तर : कुणीच नाही! ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, तो मेक्सिकोकडचा. देवळाबाहेरचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतला. सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलकडची आणि गुलबक्षीसुद्धा अमेरिका खंडातलीच. (सोनचाफा मात्र आपला. त्याला यात ओढू नका.)

आता लगेच उठून झेंडू उपटायला जाऊ नका. शेकडो वर्षं इथे राहिलेल्यांना पाहुणे म्हणण्यात काही पॉइंट नाही. तसं म्हटलं तर आपल्या मिसळीतली मिरचीसुद्धा फॉरेन रिटर्नच! प्रश्न वेगळा आहे. आपल्या पाच बाय दहाच्या गॅलरीत जी हिरवाई आपण सजवतो, ती इथल्या हवेत आपल्या जिवावर जगते की स्वतःच्या?

हा प्रश्न मला पडला तो लिफ्टमधल्या नोटिशीमुळे. ‘टँकरचे पाणी कुंड्यांना घालू नये. हुकुमावरून.’ पुण्यात बाणेर, वाघोली, हिंजवडी या बाजूला राहणाऱ्यांना यात नवीन काहीच नाही. मार्च आला की टँकरचा हॉर्न हाच आपला अलार्म. मी कॅल्क्युलेटर काढला. वीस कुंड्या, प्रत्येकीला रोज एक लिटर. महिन्याला झाले सहाशे लिटर, तेही विकतचे. कमिटीवाल्या काकांवर चिडायचं होतं, पण आकडा त्यांच्या बाजूने होता.

मग एका शनिवारी सोलापूर रोडवरच्या एका नर्सरीत गेले. तिथल्या काकांना विचारलं, ‘‘काका, इथली लोकल झाडं आहेत का?’’

‘‘लोकल म्हंजे? सगळी लोकलच की ताई. मांजरीवरनं येतात.’’

पुढचा अर्धा तास ते मला अरेका पाम, पेट्युनिया आणि एक जाम महागडा बोन्साय दाखवत राहिले. कोरांटी मागितली, तर म्हणाले, ‘‘ती कशाला? ती तर कुठंबी उगवते.’’ बॉस, मला नेमकी तीच हवी होती!

लोकल म्हणजे किती लोकल?

‘नेटिव्ह प्लाण्ट्स’ हा सध्याचा हिट फंडा आहे. पण त्यात एक गोची आहे. सह्याद्रीतलं झाड म्हणजे पुण्यात लोकल, असं नसतं. पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर. इथून गाडीने दीड-दोन तासांवर ताम्हिणीत याच्या कितीतरी पट कोसळतो. तिथल्या झाडाला पुण्याचा एप्रिल झेपेलच असं नाही. त्यामुळे माझ्या मते लोकलची व्याख्या नकाशावरून नाही, पावसावरून करावी. आपल्याइतकाच पाऊस आणि आपल्याइतकंच ऊन ज्याला सवयीचं आहे, ते आपलं.

या हिशेबात पहिला नंबर काटेकोरांटीचा. पिवळीधम्मक फुलं, तीही पावसाळा संपून बाकीच्यांचा जोश ओसरतो तेव्हा. काटे आहेत, पण कबुतरांचा त्रास असलेल्यांना ते वरदानच वाटतील. कडक ऊन येणारी पश्चिमेची गॅलरी हिच्या नावावर करा. ऊन अर्धवट येत असेल तर अडुळसा किंवा अबोली. अबोलीला पाणी थोडं जास्त लागतं, पण कोकणात आणि गोव्यात जिची वेणी माळतात ते फूल ऑफिसला निघताना आपल्याच गॅलरीत दिसणं हा एकदम हटके प्रकार आहे. ग्रिलवर काही चढवायचं असेल तर शतावरी आणि गुळवेल. गुळवेल इतकी चिवट की तोडून टेबलावर ठेवलेला तुकडाही अनेकदा कोंब काढतो. कोविडच्या दिवसांत तिची एवढी हवा झाली होती की लोक शेजारच्या बंगल्याच्या कंपाउंडवरून वेल ओरबाडून नेत होते. तुम्ही ती शोभेला लावा, काढा घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक सांगते, कुंडीत कुणीच शूर नसतं. डेक्कनच्या मुरमाड जमिनीत जे झाड मुळं खोल सोडून उन्हाळा काढतं, त्यालाच बारा इंची कुंडीत खाली जायला जागा नसते. त्यामुळे ‘लोकल झाडांना पाणी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर हसा आणि पुढे चला. पाणी लागतं. कमी लागतं, आणि एखाद्या दिवशी विसरलात तर ती लगेच मान टाकत नाहीत, इतकंच. मातीवर वाळल्या पाल्याचा दोन इंच थर पसरा, बोटाने माती चाचपून मगच पाणी घाला. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा, कुंड्यांना ते छान चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र बोअर किंवा टँकरचं असेल तर खूप क्षारांचं असतं, ते फरशी पुसायला ठेवा.

डू नॉट डिस्टर्ब

आता खरी परीक्षा. लोकल बाग बारा महिने हिरवी दिसत नाही.

अग्निशिखेचं उदाहरण घ्या. आपल्याकडे तिला कळलावी म्हणतात. जूनच्या पावसात कंदातून कोंब येतो, पानाच्या टोकाने ग्रिल पकडत वेल चढते आणि गौरी-गणपतीच्या सुमारास लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात. फोटो टाका, लाइक्स मोजायला माणूस ठेवावा लागेल. दिवाळीनंतर ती पिवळी पडते, वाळते आणि गायब! कुंडीत फक्त माती. कंद मात्र आत गाढ झोपलेला असतो, थेट पुढच्या पावसापर्यंत. या काळात त्याला जवळपास पाणी नकोच, उलट घातलंत तर कंद कुजतो. म्हणजे ज्या चार महिन्यांत टँकरची मारामारी, त्याच चार महिन्यांत हिचं बिल शून्य. (घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर मात्र हिला आणूच नका. सगळं झाड विषारी आहे आणि कंद सगळ्यात जास्त.)

तेरडा आणखी शॉर्ट अँड स्वीट. पावसात उगवला, फुलला, गौरींच्या पूजेला गेला आणि खलास. पण त्याआधी शेंगा धरतो. पिकलेल्या शेंगेला नुसता हात लावा, फट्कन फुटून बिया शेजारच्या कुंड्यांत. पुढच्या वर्षीची पेरणी फ्री!

माझ्या एका मैत्रिणीने, वाकडला राहते, टेस्टिंगमध्ये आहे, कळलावीच्या कुंडीवर मार्करने लिहून ठेवलंय : ‘मावशी, ही रिकामी नाही.’ कारण कामाच्या मावशींनी एकदा त्यात मनीप्लाण्ट खोचला होता. ग्लॉसी मासिकांतल्या गार्डनसारखी गॅलरी हवी असेल तर एप्रिलचा तपकिरी रंग डोळ्यांना खुपणारच. माझ्या मते खुपू द्यावा. बाहेर टेकडीवरसुद्धा तोच रंग असतो की.

चालणारी शी

याच मैत्रिणीचा मागच्या पावसाळ्यात भर मीटिंगच्या वेळी फोन. ‘‘अगं, कढीपत्त्यावर चिमणीची शी पडलीये आणि ती चालतीये!’’

ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे कुणी तिला खायला जात नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. सॉलिड अ‍ॅटिट्यूड!

बागेचं खरं गणित इथे आहे. मध प्यायला फुलपाखरं झेंडूवरही येतात, सदाफुलीवरही येतात. ते झालं हॉटेल. पण अंडी घालायला त्यांना ठरावीक झाडच लागतं, कारण अळी दुसरं काही खातच नाही. कढीपत्ता, लिंबू, बेल या कुटुंबावर मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय, रस्त्याकडेच्या रुईवर प्लेन टायगर. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेल्या ब्लू मॉर्मनची अळीसुद्धा लिंबाच्याच खानदानावर वाढते. हॉटेलं शहरात भरपूर आहेत, बाळंतपणाची सोय कुठेच नाही. ती एका कढीपत्त्याच्या कुंडीत होते. अट एकच, पानं कुरतडलेली दिसली की स्प्रे उचलायचा नाही.

मैत्रीण आता फोडणीचा कढीपत्ता भाजीवाल्या मावशींकडून घेते.

माती, पाला आणि टेम्पो

सुरुवात करायला जूनचा पहिला दमदार पाऊस बेस्ट. कोरांटी, अडुळसा, गुळवेल यांच्या फांद्या कुणाकडूनही मागून आणा, छाटाच्या तुकड्यालाही मुळं फुटतात. टेकडीवर फिरायला गेलात तर कंद उपटून आणायचे नाहीत. शिवसुमनसारखी झाडं शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्याच ठिकाणी उरली आहेत आणि हौशी लोकांच्या कुंड्या हे त्यामागचं कारण ठरू नये.

पोत्यातली लाल माती कुठल्या तरी डोंगराची खरवड असते, ती जेवढी कमी घ्याल तेवढं बरं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीत झाडून जाळला जाणारा पाला गोळा करा, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासोबत जुन्या भोकाच्या बादलीत थरावर थर मुरवा. पाल्याचं खत हलकंही असतं. हा मुद्दा भाड्याने राहणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा, कारण भिजलेली बारा इंची कुंडी सहज वीस किलोच्या वर जाते आणि आपलं अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं! घर बदलायची वेळ मे महिन्यात आली तर उत्तमच. कळलावीचा कंद तेव्हा झोपलेलाच असतो. वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकायचा, टेम्पोवाल्याला कळतसुद्धा नाही.