दांडीचा डेडझोन

खेळाच्या कंट्रोलरवरील दांडीला कोणाचाही अंगठा लागलेला नसताना पडद्यावरील योद्धा आपोआप डावीकडे सरकू लागला, म्हणजे मालक खेळाला बोल लावतो; वस्तुतः दोष बहुधा दांडीच्या बुडाशी असलेल्या, घर्षणाने झिजणाऱ्या पोटेन्शिओमीटरचा असतो, कारण स्प्रिंगने दांडी मध्यावर आणली तरी तो शून्याऐवजी काहीतरी किरकोळ आकडा कळवीतच राहतो. अशा किरकोळ आकड्यांची दखल घेऊ नये, असा जो हुकूम अँटिमायक्रोएक्ससारख्या, दांडीच्या हालचालींचे कीबोर्डच्या वा माऊसच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यावयाचा, तोच डेडझोन.

विंडोजच्या एक्सइनपुट व्यवस्थेत प्रत्येक अक्षाचा आकडा उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंत जातो, आणि मायक्रोसॉफ्टने डाव्या दांडीसाठी ७८४९ व उजवीसाठी ८६८९ ही मर्यादा सुचविली आहे. म्हणजे सुमारे चतुर्थांश पल्ला बाद! ही उधळपट्टी सरसकट पत्करण्याचे कारण नाही. दांडी चारी दिशांना ढकलून मोकळी सोडावी, दर वेळी ती कोठे स्थिरावते ते पाहावे आणि त्यांतील सर्वांत मोठ्या आकड्याच्या किंचित वर मर्यादा बांधावी.

आडव्या व उभ्या अक्षांना स्वतंत्र मर्यादा लावल्यास किंचित तिरकी हालचाल सरळ रेषेला चिकटते आणि नेम चुकतो. नेमबाजीच्या खेळांत म्हणूनच वर्तुळाकार मर्यादा श्रेयस्कर. मर्यादा ओलांडल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून होते की नाही, हेही तपासावे. होत नसेल, तर योद्धा चालू लागण्याऐवजी एकदम झेपावतो. आणि मर्यादा वाढवीत अर्ध्या पल्ल्यापर्यंत जाण्याची पाळी आली, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून दांडीच बदलावी.